दोन ठोक्यांची कांताक्का

कांता खिल्लारेशी एक वेळ सोयरीक करावी, पण वैर करू नये, असं वसमतच्या गाण्याबजावण्यातली माणसं म्हणायची. ज्यांनी सोयरीक केली होती त्यांचाही अनुभव फार सुखाचा नव्हता, पण ते पुढं सांगतो.

मला स्वतःला माफ करत सुटणाऱ्या माणसांचा कंटाळा आहे. कुणी गेलं की शोकसभेत हमखास एकजण उठतो आणि सांगतो, ते मनात काही ठेवायचे नाहीत हो. कांताक्का मनात सगळं ठेवायची, आणि नीट घडी घालून ठेवायची. विहारातल्या एका जाणत्या माणसानं तिला एकदा समजावलं, "कांते, तथागतानं वैर सोडाय सांगितलंय." ती म्हणाली, "सोडते की बाबा. पण हातात असंल तर सोडीन ना. माझी चीज वैऱ्याच्या हातात हाय, मंग मी काय सोडू?"

तिचं दुसरं एक ठरलेलं वाक्य होतं. "माफ करायला मोठं मन लागतं म्हणतेत. माझं लहानच हाय. पण त्याच्यात समदं बराबर ठिवलेलं ऱ्हातं."

उंचीनं बेताची, कपाळ रुंद, केसांना भरपूर तेल, अंगावर साधी साडी आणि पायात कॅनव्हासचे बूट. पाठीवर काळी गिटार, आणि तिला पट्टा म्हणून जुन्या लुगड्याचा काठ शिवलेला. दिवसभर ती एका अडत्याच्या गोदामात हळद निवडायला जायची. त्यामुळे नखं, बोटांची पेरं, तळहाताच्या रेषा कायमच्या पिवळ्या. तेच हात संध्याकाळी गिटारीवर फिरायचे, म्हणून गिटारीची दांडीही पिवळी पडली होती. गिटार नांदेडच्या एका मोडीत निघालेल्या ऑर्केस्ट्राकडून आणलेली. ती जिवंत केली रहीमचाचांनी. चाचांचं वाजंत्र्यांची वाद्यं आणि स्पीकर दुरुस्त करायचं लहानसं दुकान होतं. एकदा ते चिंधीला स्पिरिट लावून दांडी पुसायला बसले, तर कांताक्कानं गिटार ओढून घेतली.

"ऱ्हाऊ द्या चाचा. तो रंग माझा हाय."

"बेटी, आवाज दबता इससे," चाचा म्हणाले.

"दबू द्या. लई मोठा हाय तो तसाबी."

आवाज मोठाच होता. जाड, खरखरीत, छातीतून येणारा. लहानपणापासून तिला लोक सांगत आले की बाईमाणसाचा आवाज असा नसतो, पुरुषी वाटतो. ती विचारायची, "काहून? आवाजाला मिशी असती काय?"

कळमनुरी तालुक्यातल्या एका गावात तिला दिली होती. सासूनं पहिल्याच महिन्यात सांगितलं, इथं गायचं न्हाई, आणि गायलीस तर हळू. ती वर्षभरात परत आली. भांडण नाही, मारहाण नाही, काही नाही. पुढं त्या गावात आमच्या गायन पार्टीचा भीमजयंतीचा कार्यक्रम ठरला तेव्हा आम्हाला वाटलं, आक्का येणार नाही. ती सगळ्यात आधी टेम्पोत बसली होती. सासरच्या घरासमोरच्याच चौकात मंडप होता. तिनं आवाजाचं बटण हातानं शेवटपर्यंत फिरवलं आणि सलग गात राहिली. त्या घराची खिडकी आधी उघडी होती, मग लागली, मग खिडकीच्या काचा थरथरत राहिल्या. परतताना टेम्पोत ती छान झोपली.

तिचा लहानसहान सूडही असाच तब्येतीत शिजायचा. हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या एसटीत एका कंडक्टरनं एकदा गिटारीवरून हुज्जत घातली. मांडीवर घेतली तरी सामानाचं तिकीट काढा म्हणाला, आणि ती अडून बसली तेव्हा कनेरगाव नाक्याला उतरवून दिलं. भर उन्हात ती धाब्याच्या सावलीत पुढच्या गाडीची वाट बघत बसली. मी सोबत होतो. शिव्या मी दिल्या. तिनं फक्त त्याचा चेहरा बघून घेतला होता. पुढं त्याच कंडक्टरनं मुलीच्या हळदीला आमची पार्टी सांगितली. आक्का गेली, जीव तोडून गायली, नवरीला नाचवलं. शेवटी माइकवर म्हणाली, "कंडक्टरसाहेब, लेक सासरी चालली. तिच्या सामानाचं तिकीट फाडलं का? न्हाई तर कनेरगावला उतरून देतेत बरं का लेकराला." मंडप हसला. कंडक्टरला आधी कळेना, आणि कळलं तेव्हा तो उठून भटारखान्याकडे गेला. आक्कानं नवरीला जवळ घेऊन तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीशी तिचं काही वैर नव्हतं.

आता विश्वंभरकडे येतो. त्याचं नाव काढलं की माझ्या तोंडाला अजूनही कडवट चव येते, म्हणून उशीर केला.

विश्वंभर आमच्या गायन पार्टीचा मालक. टेम्पो त्याचा, स्पीकर त्याचे, कार्यक्रमांच्या सुपाऱ्या तो घ्यायचा. मी पॅड, म्हणजे विजेवरचे ड्रम, वाजवायचो आणि अजूनही वाजवतो, कारण घर चालवायचंय. त्याला स्वतःला एकही वाद्य येत नव्हतं. गळा बरा होता. पांढरे कपडे, अत्तर आणि बोटांत अंगठ्या. लहानपणी त्याला सगळा मोहल्ला इसू म्हणायचा. टेम्पो घेतल्यापासून इसू म्हटलेलं त्याला चालेना. पूर्ण विश्वंभर म्हणा, पुढं भाऊ लावा. बॅनरवर त्याचं नाव बाबासाहेबांच्या फोटोखाली असायचं, आणि फोटोपेक्षा ठळक असायचं.

एका तालमीत तो आक्काला म्हणाला, "जरा बारीक आवाजात गा की. नांदेडच्या पार्टीतल्या पोरी बघ कशा गातेत. पब्लिकला तेच पायजे." दुसऱ्या दिवशी आक्का गोदामातून तशीच आली आणि गाणं घेऊनच आली. हळद निवडता निवडता रचलेलं होतं.

*माझ्या गळ्यात माझाच आवाज,*
*तुझ्या कानाचा तूच कर इलाज.*

रहीमचाचांनी तिला एक जुना स्पीकर असा काही जुळवून दिला होता की गिटार त्यातून करकरत, गुरगुरत यायची. आमच्याकडे असलं कुणी ऐकलेलं नव्हतं. पहिल्यांदा गायली तेव्हा एक म्हातारबुवा म्हणाले, "गिरणी सुरू झाली काय?" तिसऱ्या कडव्याला तेच टाळ्या वाजवत होते. पोरं तर उभीच राहिली. ढोलकीवर वाढलेला माझा हात त्या गाण्यात पहिल्यांदा मोकळा सुटला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या गाण्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. ही जुनी रीत आहे, कव्वालीतही आहे. लोक त्या नावाची वाट बघतात. नाव आलं की माना डोलतात आणि मगच कुणी बक्षीस द्यायला उठतं. ती ओळ दोनतीनदा फिरवून म्हणायची, म्हणजे मागच्या माणसापर्यंत नाव पोचतं. ज्याचं नाव, त्याचं गाणं. त्याला दुसरा कागद लागत नाही. आक्कानं आपलं शेवटचं कडवं असं बांधलं होतं की नावाच्या जागी सगळी वाद्यं बंद. पॅड बंद, कीबोर्ड बंद. नुसते गिटारीचे दोन ठोके, आणि त्या दोन ठोक्यांवर तिचं नाव. कां, ता. मग सगळे एकदम आत.

*कांता म्हणे, उसनं न्हाई ल्याले,*
*जशी आले, तशीच मी चालले.*

दोन कार्यक्रम झाले. तिसऱ्याला विश्वंभर म्हणाला, हे गाणं जरा राहू दे. आणि महिन्याभरात ते मोबाईलवर आलं. नांदेडच्या स्टुडिओत भरलेलं, आवाज विश्वंभरचा, खाली लिहिलेलं, गीत-संगीत विश्वंभर. माझं काम एका मशीननं केलं होतं. मला बोलावलंसुद्धा नव्हतं, ते मी अजून विसरलेलो नाही. 'आले'चं 'आलो' केलं, 'चालले'चं 'चाललो' केलं, की झालं बाईचं गाणं बाप्याचं. शेवटचं कडवं तर ऐकण्यासारखं होतं. "विश्वंभर म्हणे, उसनं न्हाई ल्यालो." दुसऱ्याचं गाणं अंगावर घालून हा माणूस सांगत होता की मी उसनं ल्यालो नाही.

फक्त एक झालं. त्याला वाजवता येत नसल्यामुळे त्याच्या ध्यानात आलं नाही की नावाच्या जागेवरचे ते दोन ठोके तसेच राहिलेत. स्टुडिओवाल्यानं जसं ऐकलं तसं उतरवलं होतं. सगळं बंद व्हायचं, दोन ठोके पडायचे, त्यात काही बसायचं नाही, आणि मग 'विश्वंभर' धावत धावत मागून यायचा, स्टँडवरून गाडी सुटल्यावर पळणाऱ्या माणसासारखा. इसू म्हटला असता तर बसला असता. पण ते तो कसं म्हणेल?

गाणं चाललं. लग्नाच्या वरातीत, डीजेवर, रिक्षांत, सगळीकडे वाजायला लागलं. विश्वंभरनं नवा टेम्पो घेतला.

मी आक्काकडे गेलो. ती ओट्यावर बसून चहा पीत होती. मी म्हणालो, "आक्का, पोलिसात जाऊ. मी साक्ष देतो."

"पोलीस काय करतीन?"

"तुझं नाव लावतीन गाण्याला."

"कागदावर लावतीन." तिनं कप खाली ठेवला. "मिल्या, त्यानं माझं नाव तोंडानं पुसलंय. ते कागदानं भरून निघतंय व्हय?"

मग आत आईला हाक मारून म्हणाली, "आई, उद्यापासून माझ्या चहात साखर टाकू नको."

साखर कारखाना जवळ असलेल्या गावात बिनसाखरेचा चहा पिणं म्हणजे लोकांना उत्तरं देत बसणं. मधुमेह झाला का, असं विचारायचे. ती म्हणायची, "न्हाई. एकाचं देणं हाय. फिटलं की घेईन."

त्यानंतर तिनं पार्टी सोडली आणि मंचावर गायचंही सोडलं. लोकांना वाटलं, खचली. मला मात्र तिचे डोळे माहीत होते. ती बायकांत गायला लागली. गोदामात दुपारच्या भाकरीच्या वेळी, कुणाच्या हळदीला, कुणाच्या बारशाला, विहारात पौर्णिमेला. माइक नाही, स्पीकर नाही, नुसती गिटार मांडीवर. सगळं गाणं गायची आणि शेवटच्या कडव्यात नावाच्या जागी तोंड मिटून घ्यायची. दोन ठोके मारायची आणि बायकांकडे बघायची. बायका पहिल्यांदा लाजल्या, मग म्हणायला लागल्या. कांता. पोरीबाळींना तर खेळच झाला. शाळेत बाकावर दोन ठोके मारून पोरं ओरडायची, कांता. बायका माहेरी गेल्या तसं ते माहेरच्या गावांत गेलं. कळमनुरी, औंढा, सेनगाव, कुठं कुठं पोचलं ते आम्हालाही कळत नव्हतं. तिला कुणी विचारलं की हे कशासाठी, तर म्हणायची, "बी टाकून राहिले."

मी तोवर विश्वंभरकडेच वाजवत होतो. मंचावर त्याच्या पाठीमागे बसून त्याची मान बघत मी कितीतरी कार्यक्रम काढले. तेव्हा मला कळलं की पोटासाठी वाजवतानाही माणूस मनातल्या मनात शिव्या तालात देऊ शकतो.

मग वसमतमध्येच जयंतीचा मोठा कार्यक्रम आला. संध्याकाळची वेळ, मैदान भरलेलं, पुढं सतरंज्यांवर बायका. त्यात हळदीच्या गोदामातल्या सगळ्या. मी मंचावरून बघितलं तर आक्का त्यांच्यात नव्हती. ती लांब, चहाच्या गाड्यापाशी, सोडा-बाटल्यांच्या पालथ्या क्रेटवर बसली होती. हातात कप, गिटार मांडीवर आडवी.

लोकांनी फर्माईश केलीच. विश्वंभरनं अंगठ्यांचा हात उंच केला आणि सुरू झाला. दोन कडवी चांगली गेली. शेवटच्याला सगळी वाद्यं थांबली, कीबोर्डवाल्यानं दोन ठोके दिले, आणि पुढच्या सतरंज्यांवरून आवाज आला. कांता.

तो गडबडला. त्याचं 'विश्वंभर' घशातच राहिलं. रीत अशी की ओळ परत फिरवायची, म्हणून त्यानं फिरवली. या वेळी मागची पोरं पण होती. कांता. तिसऱ्यांदा तर भेळेच्या गाड्यावरची माणसंही ओरडली. विश्वंभरचा चेहरा बघण्यासारखा झाला असणार. मला फक्त मान दिसत होती, ती लाल झाली.

त्यानं हात करून आम्हाला थांबवलं. "कोण कांता? ह्या गाण्यात कांताचं काय हाय?" तो माइकवर ओरडला.

मैदानात हशा फुटला. स्वतःच्याच तोंडानं त्यानं तिचं नाव सगळ्या मैदानाला ऐकवलं होतं. पुढची एक म्हातारी उठून उभी राहिली. गोदामातली होती, वाकलेली, हातात काठी. "इसू," ती म्हणाली, "नाव घे अन् गाणं पुरं कर. जिचं हाय तिचं नाव घेतल्याबिगर आमी उठत न्हाई."

इसू. इतक्या वर्षांनी, माइकसमोर, भर मैदानात. आणि खरंच कुणी उठेना. बक्षीस द्यायलाही कुणी येईना. आयोजक मंचामागून त्याला खुणावू लागले की संपव बाबा. तो पाणी प्याला. त्यानं अंगठ्यांचा हात खाली घेतला. कीबोर्डवाल्याकडे न बघता म्हणाला, दे. दोन ठोके पडले.

"कांता म्हणे, उसनं न्हाई ल्याले."

'ल्याले' म्हणाला, 'ल्यालो' नाही. घाबरलेल्या माणसाला चाल आपोआप बरोबर सापडते. नाव ठोक्यावर बसलं, माझा पॅड वेळेवर आत गेला, आणि त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ नीट गायली. मला इतका आनंद झाला की मी शेवटचा तुकडा मोजून दुप्पट वाजवला. तो आनंद चांगल्या माणसाला शोभणारा नव्हता. असू दे.

कार्यक्रम संपताच मी धावत चहाच्या गाड्याकडे गेलो. "मामा, आक्काला साखरेचा चहा द्या," मी सांगितलं. मामांनी दिला. तिनं कप नाकाजवळ नेला, वास घेतला आणि माझ्याकडे सरकवला.

"तूच पी."

"काहून आक्का? घेतलं ना त्यानं नाव. समद्यांसमोर घेतलं."

"घेतलं. बराबर हाय. माझं मला भेटलं." ती गिटारीच्या पिवळ्या दांडीवरून अंगठा फिरवत होती. "पण त्यानं माझं नाव पुसलं व्हतं मिल्या. त्याचं कुठं पुसलंय अजून? बॅनरवर बघ."

मी बघितलं. मंचावरच्या बॅनरवर विश्वंभरचं नाव अजून तसंच होतं, दिव्यांत चमकत.

मला तेव्हा तिची थोडी भीतीच वाटली. इतकं कशाला, असं मनात आलं. पण मी ते बोललो नाही, आणि बरं केलं. आता पुरे, असं कुणी तिला शिकवायला गेलं की ती त्याचाही चेहरा बघून ठेवायची.

विश्वंभरची पार्टी त्यानंतर बसलीच असं नाही. सुपाऱ्या येत होत्या, मी वाजवत होतो. पण ते गाणं तो गात नसे. फर्माईश आली की घसा दाखवायचा. मोबाईलवरचं मात्र चालूच होतं, वरातीतही चालूच होतं, आणि त्या दोन ठोक्यांवर लोक ओरडतच होते. आक्काला पुढं नांदेडच्या एका शाळेत पोरांना गाणं शिकवायचं काम मिळालं. हळदीचं काम सुटलं, तरी नखं काही लगेच पांढरी झाली नाहीत.

तिला मी शेवटचं पाहिलं ते वारंगा फाट्यावर. मी एका लग्नाहून परतत होतो, ती हिंगोलीचं काम उरकून नांदेडला निघाली होती. गाडीला वेळ होता. आम्ही रस्त्याकडेच्या टपरीवर चहा घेत उभे होतो, तिचा अर्थातच बिनसाखरेचा. शेजारी केळीनं भरलेला एक टेम्पो थांबला. ड्रायव्हर तरुण, कुठल्या तरी लांबच्या गावचा. गाडीत तेच गाणं लागलेलं, विश्वंभरच्या आवाजात. शेवटचं कडवं आलं, सगळं थांबलं, दोन ठोके पडले. पोरानं स्टेअरिंगवर दोन थापा मारल्या आणि आपल्याच नादात ओरडला, "कांता."

मागून धावत आलेलं 'विश्वंभर' त्या ओरडण्यात ऐकूच आलं नाही.

आक्का कप घेऊन त्याच्या खिडकीपाशी गेली. "दादा, ही कांता कोण हाय हो?"

"म्हाईत न्हाई मावशी. गाणं तिचं हाय म्हणतेत."

"अन् हा गाऊन कोण राहिला?"

पोरानं खांदे उडवले. मोबाईलच्या काचेकडे बघायचीही तसदी घेतली नाही. "असंल कोणी बी. ते कोण पाहतं?"

आक्काच्या चेहऱ्यावर मी असं हसू कधी बघितलं नव्हतं, आणि ते प्रेमळ होतं असं मी म्हणणार नाही. मग ती टपरीकडे वळली आणि कप पुढं केला.

"भाऊ, ह्याच्यात साखर टाका."

टपरीवाल्यानं एक चमचा टाकून तिच्याकडे बघितलं.

"टाका अजून," ती म्हणाली.